दिरहमचा गुणाकार शेवटी करा: आखाती ऑफर कशी वाचायची आणि काय मागायचं

प्रश्न थोडक्यात असा. प्रश्नकर्ते चिपळूणचे, वय ३२, डिप्लोमा झालेले इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन, लोटे परशुरामच्या एका केमिकल कंपनीत सव्वानऊ वर्षं. हातात ४६ हजार येतात, पत्नी पतसंस्थेत १४ हजारांवर आहे, मुलगी चार वर्षांची, घर स्वतःचं. दुबईच्या जेबेल अली या औद्योगिक भागातल्या एका मेंटेनन्स कंत्राटदाराची ७,५०० दिरहमची ऑफर आलीय: बेसिक ३,०००, घरभाडं २,५००, प्रवास ८००, इतर भत्ता १,२००. मुंबईचा एजंट ९० हजार मागतोय. ऑफर बरी आहे का, अजून किती मागावेत आणि कुटुंबाला न्यावं का, असं त्यांनी विचारलंय.

माझी नोकरीची बहुतेक वर्षं याच कामात गेली, पण टेबलाच्या पलीकडच्या बाजूला. अशी ऑफर लेटरं मी बनवायचो. त्यामुळे पाणी कुठं मुरतं ते सांगू शकतो.

आधी तो गुणाकार थांबवा. ऑफर आली की पहिल्याच रात्री आपण साडेसात हजार गुणिले तेवीस करतो, एक लाख बहात्तर हजार येतात, आणि मग सगळं घर त्या आकड्याकडे बघत बसतं. पण तो पगार दुबईत खर्च व्हायचाय, दिरहममध्ये. तिथला तांदूळ, तिथली खोली, तिथली बस यांना रुपयाचं काही देणंघेणं नाही. आधी तिथला खर्च दिरहममध्येच वजा करा आणि जे उरेल त्यालाच रुपयाने गुणा. दिरहम १९९७ पासून डॉलरला ३.६७२५ या दराने बांधलेला आहे, म्हणून रुपया डॉलरपुढे घसरला की तुम्ही गावी पाठवता ती रक्कम फुगते. ती पगारवाढ समजू नका. मी खाली सगळीकडे २३ रुपये धरलेत, हिशोब जरा हात राखून असावा म्हणून.

एकटे गेलात तर काय होतं ते बघू. आकडे ढोबळ आहेत, तुमच्या ओळखीच्या दोघांना विचारून दुरुस्त करा. शेअरिंगच्या खोलीत बेडस्पेस १,२००, खाणं ८००, मेट्रो-बस ३५०, फोन १५०, किरकोळ ५००. झाले ३,०००. उरले ४,५००, म्हणजे १ लाख ३ हजार ५००. आता चिपळूणचा संसार चालूच राहणार. सध्या तुमच्या दोघांच्या ६० हजारांतून २२ हजार मागे पडतात असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे घरखर्च ३८. तुम्ही नसताना तो ३२ धरू. पत्नीचे १४ हजार मिळवा, ३२ वजा करा, उरतात साडेपंच्याऐंशी हजार. त्यातून वर्षातून एकदा घरी येण्याचा खर्च काढा. शिवाय एक खर्च कुठल्याच तक्त्यात नसतो: माणूस दुबईला गेला हे कळलं की देवळाच्या जीर्णोद्धाराचं पावतीपुस्तक, क्रिकेटच्या स्पर्धा आणि वाडीचा शिमगा, सगळे पहिले तुमच्याच दारात येतात. नाही म्हणता येत नाही. तरीही महिन्याला पंचाहत्तर हजारांच्या आसपास गाठीला लागावेत. २२ हजारांवरून ७५ हजार. ऑफर बरी आहे का, याचं उत्तर या दोन आकड्यांत आहे, एक लाख बहात्तर हजारात नाही. एकट्या माणसाला बरी आहे.

याच मापाने दुसऱ्या ऑफरही तोला. लोक एकूण आकडा बघून कॅम्पच्या नोकऱ्या नाकारतात. समजा कुणी फक्त ५,२०० दिरहम देतोय, पण राहायला कॅम्प, जेवायला मेस आणि कामावर न्यायला बस त्याची. तुमचा खर्च उरला फोन आणि किरकोळ, ६५०. हातात ४,५५०. तुमच्या साडेसात हजारांच्या ऑफरपेक्षा पन्नास दिरहम जास्तच. कॅम्पमध्ये खोलीत किती माणसं, मेसमध्ये आपलं जेवण मिळतं का, हे प्रश्न वेगळे, आणि ते विचारायला संकोच करू नका.

आता मुख्य गोष्ट. तुमच्या कागदावर सगळ्यात महत्त्वाची ओळ बेसिकची आहे आणि तीच सगळ्यात लहान ठेवलीय. साडेसात हजारांत तीन हजार बेसिक, म्हणजे ४० टक्के. हे चुकून झालेलं नाही. भत्ते महिन्याला दिले की संपले. बेसिकला मात्र शेपूट असतं. युएईच्या कामगार कायद्यात (२०२१ चा ३३ क्रमांकाचा संघीय कायदा, फेब्रुवारी २०२२ पासून लागू) ग्रॅच्युइटी बेसिकवर मोजतात: वर्ष पूर्ण केल्यावर पहिल्या पाच वर्षांना वर्षामागे २१ दिवसांचं बेसिक, त्यापुढे वर्षामागे ३० दिवसांचं. ओव्हरटाइम बेसिकवर, साधा २५ टक्के जास्त, रात्री दहा ते पहाटे चार ५० टक्के जास्त. नोकरी सोडताना शिल्लक रजेचे पैसेही बेसिकवर. म्हणून आम्ही ऑफर बनवताना बेसिक दाबायचो आणि भत्ते फुगवायचो, कारण एकूण आकडा तोच दिसतो आणि माणूस खूश होतो.

तुमच्या कागदावरची ‘इतर भत्ता १,२००’ ही ओळ बघा. घर आणि प्रवास वेगळे दिलेत, मग हे इतर कसले? हे बेसिकच आहे, दुसऱ्या नावाने बसवलेलं. तेवढी एक ओळ मोडून बेसिकमध्ये घालून घ्या. एकूण ७,५०० च राहतील, पण बेसिक ४,२०० होईल. फरक किती पडतो? तीन हजारांवर वर्षाची ग्रॅच्युइटी २,१०० दिरहम. ४,२०० वर २,९४०. पाच वर्षांत ४,२०० दिरहमचा फरक, रुपयांत ९६ हजार ६००. ओव्हरटाइमचा तास १५.६२ वरून २१.८७ वर जातो. इन्स्ट्रुमेंटच्या माणसाला शटडाऊनच्या (देखभालीसाठी प्लँट बंद ठेवतात त्या) महिन्यात चाळीस तास ओव्हरटाइम सहज होतो, म्हणजे त्या महिन्याला अडीचशे दिरहम जास्त. कंपनीने एक दिरहम वाढवल्यासारखं दिसत नाही, तरी तुमच्या पदरात पडतं. समोरच्या माणसाला हे गणित पाठ असतं, म्हणून तो थोडा अडेल. तरी ‘एकूण वाढवा’ यापेक्षा ही मागणी त्याला वरून मंजूर करून घेणं सोपं जातं.

एकूण वाढवून मागायचंच असेल तर समोरच्याकडे किती जागा असते ते समजून घ्या. प्रत्येक हुद्द्याला एक खालची आणि एक वरची रेघ असते. मेंटेनन्स कंत्राटदाराने टेंडर भरताना तुमच्या हुद्द्याचा तासाचा दर आधीच लावलेला असतो, त्यामुळे रेघ ओलांडायला त्याच्या हातात फार काही नसतं. माझ्या अनुभवात दहा-पंधरा टक्के हलतात, त्यापुढे क्वचितच. पण खालच्या रेघेपासून वर सरकायलाही मागावं लागतं. अंधेरीच्या हॉटेलात इंटरव्ह्यू चालायचे. माणूस व्हॉल्व्ह पोझिशनर झोपेत कॅलिब्रेट करेल इतका तयार असायचा. शेवटी विचारायचं, “अपेक्षा काय?” तो खुर्चीच्या कडेला सरकून म्हणायचा, “साहेब, तुम्ही द्याल ते.” फॉर्मवर खालची रेघ लिहिली जायची. त्यात लबाडी नव्हती. जो मागत नाही त्याच्यासाठी वर जाऊन भांडायला कुणाला वेळ असतो? रत्नागिरी-रायगडकडचे लोक यात जास्त सापडायचे असं माझं मत आहे, आणि हे मी घरच्या माणसांविषयी बोलतोय.

सध्याचा पगार विचारला तर खरा सांगा. सॅलरी स्लिप ते मागतातच. मात्र ‘त्याच्या दुप्पट द्या’ असं स्वतःच्या तोंडाने बोलू नका, कारण मग मोजणी ४६ हजारांपासून सुरू होते. मोजणी कामापासून सुरू करा. डीसीएसवर (प्लँटच्या संगणकीय नियंत्रण यंत्रणेवर) लूप चेकिंग केलंय का, कंट्रोल व्हॉल्व्ह खोलून बसवलेत का, क्लोरीन किंवा सॉल्व्हंटच्या प्लँटमध्ये परमिट घेऊन काम केलंय का, हे ठळकपणे सांगा. आणि तारीख हे तुमचं खरं हत्यार आहे. शटडाऊनच्या आधी माणसं लागतात तेव्हा कंत्राटदार घायकुतीला आलेला असतो. त्याला कधी माणूस हवाय ते आधी काढून घ्या.

फोनवर न बोलता लिहून पाठवा, चार ओळी पुरे. साधारण असं: “ऑफरबद्दल आभार. काम आणि ठिकाण मला मान्य आहे. दोन गोष्टींचा विचार व्हावा. इतर भत्त्याचे १,२०० दिरहम बेसिकमध्ये घेऊन बेसिक ४,२०० करावं. प्रोसेस प्लँटमधला नऊ वर्षांचा अनुभव धरून एकूण ८,२०० व्हावेत. हे झालं तर मी याच आठवड्यात सही करतो आणि सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात रुजू होतो.” ८,२०० मागितलेत तर ७,८०० च्या आसपास मिटेल असा माझा अंदाज. एकूण हललंच नाही तरी बेसिकची ओळ सोडू नका. घरात अडचण आहे, मुलीचं शिक्षण आहे, असलं काही लिहू नका. वाचणाऱ्याला वाईट वाटतं, पण मंजुरीच्या फॉर्मवर त्याला रकाना नसतो.

विमानाचं तिकीट वर्षातून एकदा की दोन वर्षांतून एकदा, हे कागदावर आहे का बघा. वर्षाची ३० दिवसांची रजा कायद्यानेच मिळते, पण ती कधी द्यायची हे बहुतांशी कंपनी ठरवते. गणपतीला यायचं असेल तर सहीआधीच बोला. शटडाऊनचे महिने सोडून रजा मागणाऱ्याला सहसा नाही म्हणत नाहीत.

कुटुंबाला न्यायचं का? ७,५०० वर नेऊ नका. व्हिसाच्या नियमात तुम्ही बसता: महिना ४,००० दिरहम, किंवा ३,००० आणि राहायची सोय, एवढ्यावर बायको-मुलांना स्पॉन्सर करता येतं. तिथेच लोक फसतात. नियमात बसणं आणि भागणं यात फार अंतर आहे. समजा वर्षाला ४८ हजार दिरहम भाड्याचा वन बीएचके मिळाला. महिना ४,००० झाले, तुमच्या घरभाडे भत्त्याच्या दीडपटीहून जास्त. वीज-पाणी ६००, आणि त्यातच भाड्याच्या पाच टक्के हाउसिंग फी असते, ती दुबईत देवाच्या बिलातून जाते (हे देवा म्हणजे तिथलं वीज-पाणी खातं, नवसाला पावत नाही). किराणा १,८००, शाळा आणि तिची बस ९००, प्रवास ४००, फोन-इंटरनेट ५००, व्हिसा आणि विमा महिन्यात वाटून ३००, किरकोळ ५००. बेरीज ९,०००. दर महिन्याला दीड हजार खिशातून, वर पत्नीचे १४ हजार बंद. कंपनी विमा तुमचा काढते, बायको-मुलीचा तुम्हाला काढावा लागतो. शाळेची फी शाळेगणिक इतकी बदलते की माझा आकडा धरूच नका. केएचडीए या दुबईतल्या शाळांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेच्या संकेतस्थळावर प्रत्येक शाळेची इयत्तावार फी असते, तिथे बघा.

त्यातून पहिल्या दिवसाचा धक्का वेगळा. दुबईत भाडं चेकने आगाऊ देतात, वर्षाचे एक, दोन, चार, जसं मालक ऐकेल तसं. चार चेक धरले तर पहिला १२,०००, पाच टक्के डिपॉझिट २,४००, दलालाचे पाच टक्के २,४००, देवाचं डिपॉझिट २,०००. झाले १८,८००, रुपयांत सव्वाचार लाखांच्या वर, आणि पहिला पगार अजून यायचाय. भांडी, गादी, पडदे यात नाहीत. उद्या पगार वाढला आणि कुटुंब न्यायची वेळ आली, तर घरभाडे भत्ता सहा महिन्यांचा किंवा वर्षाचा आगाऊ द्या अशी मागणी करा. बऱ्याच कंपन्या देतात आणि पगारातून वळता करतात. मागितल्याशिवाय कुणी सांगत नाही. शारजात भाडं कमी पडतं हे खरं, पण जेबेल अली दुबईच्या पार दुसऱ्या टोकाला आहे. रोजचे तीन-चार तास रस्त्यावर जातील.

शिवाय प्रोबेशन सहा महिन्यांपर्यंत असू शकतं आणि त्या काळात १४ दिवसांच्या नोटिशीवर काढता येतं. तेवढ्यासाठी पत्नीची नोकरी सोडवू नका. पहिलं वर्ष एकटे राहा. त्यांना शाळेच्या सुट्टीत व्हिजिटवर बोलवा, जागा बघू दे. अकरा-बारा हजारांच्या खाली तिघांचा संसार मांडू नये असं माझं मत आहे. कुणी सौदीची ऑफर दाखवून ‘तिकडे भाडं स्वस्त’ म्हणेल, त्याला विचारा की तिथे प्रत्येक आश्रितामागे महिना ४०० रियालची फी आहे ती कोण भरणार. दोघींचे वर्षाला ९,६०० रियाल होतात.

निघण्याच्या तारखेवर जरा थांबतो, कारण यात तुमचा फायदा आहे आणि तुम्ही त्याबद्दल काही विचारलेलं नाही. सव्वानऊ वर्षं झालीत. कर्मचारी पेन्शन योजनेत दहा वर्षं लागतात, पण शेवटचं अपूर्ण वर्ष सहा महिने किंवा जास्त असेल तर पूर्ण धरतात. म्हणजे साडेनऊ झाली की दहा. अजून तीन महिने काढलेत तर ५८ व्या वर्षापासून पेन्शनचा हक्क पक्का होतो. रक्कम मोठी नाही, १५ हजारांच्या पगारमर्यादेवर दहा वर्षांचे महिना साधारण २,१४३ रुपये. पण जन्मभर, आणि पत्नीला मागे. दोन महिन्यांची नोटीस तुम्हाला द्यायचीच आहे, तेव्हा हे जुळून येतं. सध्याच्या कंपनीची ग्रॅच्युइटीही घ्यायला विसरू नका: शेवटचं वेतन (मुख्यतः बेसिक आणि महागाई भत्ता), गुणिले १५ भागिले २६, गुणिले वर्षं. ती रक्कम दुबईच्या पहिल्या दोन महिन्यांसाठी बाजूला ठेवा.

दुसरी बाजू प्राप्तिकराची. नोकरीसाठी देशाबाहेर जाणारा भारतीय त्या आर्थिक वर्षात भारतात १८२ दिवसांपेक्षा कमी राहिला तर अनिवासी ठरतो. १ एप्रिलपासून मोजलं तर २८ सप्टेंबरला १८१ दिवस होतात. त्याआधी निघालात तर युएईचा पगार इथल्या करात येत नाही, आणि तिथे पगारावर प्राप्तिकर नाहीच. ऑक्टोबरात निघालात तर त्या वर्षी तुम्ही निवासी, आणि मार्चपर्यंतचा दुबईचा पगारही इथल्या उत्पन्नात धरला जातो. म्हणून मी वर सप्टेंबरचा तिसरा आठवडा लिहिला: पेन्शनची साडेनऊ वर्षंही भरतात आणि करही वाचतो. निघण्याआधी चिपळूणच्या सीएकडून तारखा एकदा तपासून घ्या. बँकेतलं बचत खातं एनआरओ (अनिवासी माणसाचं इथल्या पैशांचं खातं) करून घ्या आणि तिकडून पैसे पाठवायला एनआरई (परदेशातल्या कमाईचं खातं) उघडा. एनआरईवरचं व्याज करमुक्त असतं.

एजंटचे ९० हजार अजिबात देऊ नका. नोंदणीकृत भरती एजंटला उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३० हजार आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३५,४०० रुपये घेता येतात, पावतीसकट. त्याचा परवाना क्रमांक विचारा आणि परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर ताडून बघा. व्हिसाचा खर्च म्हणून तो वेगळे मागत असेल तर युएईच्या कायद्याने भरतीचा आणि व्हिसाचा खर्च मालकाचा आहे, कामगाराकडून वसूल करता येत नाही. तुम्ही दहावीच्या पुढे शिकलेले असल्याने तुमचा पासपोर्ट ईसीआरमध्ये (परदेशी नोकरीला सरकारी परवानगी लागते त्या वर्गात) येत नाही आणि परवानगीचा शिक्का लागत नाही. पण त्याच कारणाने सरकारी तपासणीची एक चाळणीही तुमच्या वाट्याला येत नाही, तेव्हा कागद स्वतःच नीट बघायचे. ‘आधी व्हिजिट व्हिसावर या, मग बदलून देऊ’ असं म्हणाला तर तिथेच फोन ठेवा. डिप्लोमाच्या प्रमाणपत्रावर मंत्रालय, परराष्ट्र खातं आणि युएई दूतावासाचे शिक्के लागतील; त्याचा खर्च कोण करणार हेही मेलमध्येच विचारून टाका.

सही करताना एजंटच्या लेटरहेडवरचा कागद धरून बसू नका. जेबेल अलीत कंपनी फ्री झोनच्या (स्वतःचं प्राधिकरण असलेल्या व्यापारी क्षेत्राच्या) आत असेल तर करार फ्री झोनच्या प्राधिकरणाकडे नोंदतो, बाहेर असेल तर मनुष्यबळ मंत्रालयाकडे. त्या नोंदलेल्या करारात बेसिकसमोर कोणता आकडा आहे, तोच पुढे कामाला येतो. मुंबईत ४,२०० ठरलं आणि तिथल्या करारात ३,००० छापून आलं, तर विमानात बसायच्या आधी दुरुस्त करून मागा. कंपनीचं उत्तर आलं की बेसिकची ओळ काय ठेवलीय ते इथे लिहा, म्हणजे पुढचा मेल कसा लिहायचा ते बघू.